डोंगर पोखरला, दगडाचें काय?

डोंगर पोखरून उंदीर काढल्याची म्हण आपल्याकडे जुनी आहे. आतां डोंगर पोखरून वीज साठविण्याचा उद्योग सह्याद्रींत सुरू झाला आहे, आणि वीज ही उंदराहून मोलाची वस्तु आहे याविषयीं आमचा कोणाशींहि वाद नाहीं. परंतु जो प्रश्न त्या म्हणीनें विचारला नाहीं, तो या उद्योगालाहि कोणी विचारीत नाहीं. पोखरलेला डोंगर गेला कोठें? उंदीर निघो वा वीज निघो, आंतला दगड तर बाहेर आलाच. तो कोणाच्या शेताशेजारीं, कोणत्या वहाळांत, कोणाच्या खर्चानें पडला? ज्या कामाच्या पाटीवर 'हरित' हें विशेषण एकदां लागलें, त्या कामाच्या मागच्या बाजूस जाऊन पाहणें हें आजकाल अशिष्टपणाचें लक्षण ठरलें आहे. तो अशिष्टपणा आम्ही येथें करणार आहों.

ठाणें जिल्ह्याचे शहापूर आणि मुरबाड हे दोन तालुके घाटाच्या अगदीं पायथ्याशीं वसलेले. वर घाटमाथा, खालीं कोंकण, मध्यें थोड्या आडव्या अंतरांत शेंकडों मीटरांची उभी उतरण. आणि पाऊस असा कीं, माथ्यावरच्या घाटघरास लोक नगर जिल्ह्याचें चेरापुंजी म्हणतात. वीज साठवावयाची तर याहून सोयीची जागा इंजिनियरास स्वप्नांतहि सुचणार नाहीं. वर एक तलाव, खालीं एक तलाव, मध्यें बोगदे आणि डोंगराच्या पोटांत वीजघर. दुपारीं सूर्याची वीज उतूं जाते तेव्हां पाणी वर चढवावयाचें, संध्याकाळीं मागणी वाढली कीं तें खालीं सोडावयाचें. घाटघरचा असा २५० मेगावाटांचा प्रकल्प २००८ सालापासून चालू आहे. त्याचें वरचें धरण अकोले तालुक्यांत, खालचें शहापूर तालुक्यांत चोंढें गांवाजवळ. आतां त्याच्या सहापट, म्हणजे प्रत्येकीं १५०० मेगावाटांचे दोन प्रकल्प आराखड्यांत आले आहेत. एक भावलीचा, इगतपुरी व शहापूर तालुक्यांच्या शिवेवर. दुसरा मुरबाड तालुक्यांत, माळशेज घाटाच्या पायथ्याशीं, भोरांड्याचा. (हे प्रकल्प वीज उत्पन्न करीत नाहींत, साठवितात; चार युनिटें परत द्यावयास सुमारें पांच युनिटें घेतात. तेव्हां त्यांना सरसकट वीजनिर्मितीचे प्रकल्प म्हणणें ही जाहिरातीची भाषा झाली, इतकें जातां जातां नोंदवून ठेवतों.)

आम्ही या प्रकल्पांचे विरोधक नाहीं. दुपारचें ऊन संध्याकाळच्या दिव्यासाठीं राखून ठेवावयाचें असेल, तर कोठेंतरी साठवण लागणारच. ती नसेल तर संध्याकाळीं पुन्हां कोळसाच जळेल. सह्याद्रीच्या पाण्यापासून वीज काढण्याची विद्याहि आपणांस नवी नाहीं. खोपोलीस १९१५ सालीं, भिवपुरीस १९२२ सालीं आणि भिऱ्यास १९२७ सालीं वीजघरें सुरू झालीं. त्या काळीं या विजेस 'पांढरा कोळसा' असें कौतुकाचें नांव होतें. त्याच काळांत, १९२१ मध्यें, सेनापति बापट यांनीं मुळशीचा सत्याग्रह चालविला, आणि धरणाखालीं कोणाची जमीन बुडते हा प्रश्न महाराष्ट्रानें पहिल्यानेंच मोठ्यानें विचारला. बुडालेल्या जमिनीवर तेव्हांपासून पुष्कळ लिहिलें गेलें, आणि तें योग्यच झालें. उकरलेल्या दगडावर मात्र फारसें कोणी लिहिलें नाहीं. बुडालेलें गांव डोळ्यांस दिसतें. दगडाचा ढीग दोन पावसाळ्यांनंतर टेकडीच वाटूं लागतो.

हा दगड किती, याची कल्पना येण्यासाठीं शाळेंतलें गणित पुरतें. समजा, ८ मीटर व्यासाचा आणि १ किलोमीटर लांबीचा बोगदा काढावयाचा आहे. अखंड खडक निघेल सुमारें ५०,००० घनमीटर. परंतु सुरुंगानें फुटलेला खडक आपल्या मूळच्या जागेंत मावत नाहीं. तो साधारण दीडपट फुगतो. म्हणजे ७५,००० घनमीटरांचा ढीग झाला. एका डंपरांत १० घनमीटर धरले तर साडेसात हजार खेपा. हें एका किलोमीटराचें. अशा प्रकल्पांत बोगदे अनेक, शिवाय वीजघराची गुहा निराळी, माणसें आणि यंत्रें आंत नेण्याचे मार्ग निराळे, हवा खेळविण्याचे निराळे.

आतां याच गणितांत थोडा निष्काळजीपणा मिळवून पाहूं. सुरुंगाची दारू बेताल भरली कीं नकाशावरच्या रेषेबाहेरचा खडकहि निखळतो. बोगद्याच्या चोहों बाजूंनीं सरासरी एकच फूट जास्त सुटला, तर त्या एका किलोमीटरांत सुमारें आठ हजार घनमीटर खडक अधिक निघतो. म्हणजे मूळ खोदाईच्या जवळ जवळ सहावा हिस्सा. हा खडक कोणास नको होता. तो बाहेर वाहून टाकावा लागतो, आणि मागें राहिलेली पोकळी काँक्रिटनें भरावी लागते; त्या काँक्रिटाची खडी पुन्हां कोठल्या तरी दुसऱ्या डोंगरांतून फोडून आणावी लागते. एका चुकीसाठीं डोंगर दोनदां फुटतो. कडेचीं भोकें जवळ जवळ पाडावींत, त्यांत दारू हलकी भरावी, प्रत्येक उडवणीनंतर रेषा मोजावी, हा उपाय कोणत्याहि जाणत्या सुरुंगवाल्यास ठाऊक आहे. त्याला वेळ लागतो. आणि वेळाचे पैसे त्यास कोणी देत नाहीं.

याहून मोठी नासाडी बोगद्याच्या तोंडाशीं होते. सह्याद्रीचा खडक वरून काळा दिसला तरी एकजिनसी नाहीं. लाव्हाचे थरावर थर बसून हे डोंगर झाले. त्यांत घट्ट काळा पाषाण आहे. त्याची खडी उत्तम होते, आणि तो दळला तर नदीच्या वाळूच्या जागीं चालणारी वाळूहि होते. त्याच्या वरखालीं सच्छिद्र, पांढऱ्या स्फटिकांनीं भरलेला ठिसूळ खडक असतो. तो काँक्रिटास संशयास्पद, पण भरावास आणि कामाच्या रस्त्यांस चालतो. दोन थरांच्या मध्यें केव्हां केव्हां तांबड्या मातीचा पट्टा लागतो. तो पाण्यानें फुगतो व सुटतो, त्यास सर्वांपासून दूर ठेवणेंच बरें. हे तीन प्रकार बाहेर येतां येतांच निराळे रचले, तर पहिल्याचें धरण होईल, दुसऱ्याचा रस्ता होईल, आणि तिसऱ्यासाठीं लहानशी जागा पुरेल. एकाच उतारावर तिन्ही ढकलून दिले कीं उत्तम पाषाणहि तांबड्या मातीनें माखून निकामी होतो. मग कागदावर त्या सर्वांचें एकच नांव लिहिलें जातें: राडारोडा. दगड डोंगरांतून निघतांना राडारोडा नव्हता. आपण त्यास तसा केला. आणि त्याच वेळीं, त्याच प्रकल्पाच्या धरणासाठीं, त्याच तालुक्यांत नवी खाण उघडण्याचा अर्ज दुसऱ्या टेबलावर पडलेला असतो.

ढीग पडतो तेथें काय होतें, हें शहरांत बसून ध्यानांत येत नाहीं. या तालुक्यांतली शेती म्हणजे उतारावरचीं नागली-वरईचीं वरकस रानें आणि वहाळाच्या कांठचीं भाताचीं खाचरें. कातकरी, ठाकूर, महादेव कोळी यांच्या पाड्यांचें वर्षाचें पोट त्या खाचरांच्या बांधांवर अवलंबून. मृगाच्या पहिल्या सरींत सैल ढिगाची माती सुटते, वहाळांत उतरते, आणि वहाळ भरला कीं पाणी बांध फोडून खाचरांत शिरतें. राब भाजून, आवणाची तयारी करून बसलेल्या माणसाच्या शेतांत एका रात्रींत हातभर चुरा येऊन बसला, तर त्यास नुकसानभरपाईच्या कोणत्या रकान्यांत घालावयाचें? त्याची जमीन संपादित झालेली नाहीं. तो प्रकल्पग्रस्त नाहीं. त्याचें नांव कोणत्याच यादींत नाहीं. प्रकल्पाचा स्वार्थहि येथेंच आहे. वाहून गेलेला गाळ खालच्या तलावांत बसला तर साठवण घटते, आणि पाण्याबरोबर वर चढला तर चाकांचीं पातीं झिजतात. आणि ज्या भातसेच्या खोऱ्यांतून मुंबईस पाणी जातें, त्याच तालुक्यांत उन्हाळ्यांत पाड्यांवर टँकर फिरतात. तेथें झरा किंवा डबकें बुजविणें ही लहान गोष्ट नव्हे.

कोणी म्हणेल, हें सर्व परदेशीं शोभणारें बोलणें झालें. परदेशाचें उदाहरण आम्ही देऊंच, पण आधीं घरचें. घाटघरचीं धरणें हीं भारतांत रोलरनें दाबलेल्या काँक्रिटचीं पहिलीं धरणें. त्या काँक्रिटांत सिमेंटाचा मोठा हिस्सा वगळून त्या जागीं कोळशाच्या वीजकेंद्राची राख घातली. ज्या राखेचे ढीग कोठें लोटावे ही वीजकेंद्रांची डोकेदुखी होती, तीच राख घाटाच्या पायथ्याशीं धरण होऊन बसली. पुढें मुंबई महापालिकेनें मध्य वैतरणेचें १०० मीटरांहून उंच धरण याच रीतीनें बांधलें. ज्या इंजिनियरांनीं दूरची राख उचलून धरणांत घातली, त्यांना पायाशीं पडलेला घट्ट पाषाण उचलतां येणार नाहीं, असें आम्ही मानीत नाहीं. राख वापरली गेली, कारण ती वापरावयाची असें आधीं ठरलें होतें, तिची परीक्षा आधीं झाली होती, आणि करारांत ती आधीं लिहिली होती.

स्वित्झर्लंडांत ५७ किलोमीटरांचा गॉटहार्ड बोगदा २०१६ सालीं खुला झाला. त्यांतून सुमारें २ कोटी ८० लाख टन दगड निघाला, आणि त्याच्या जवळ जवळ तिसऱ्या हिश्श्याची खडी करून ती त्याच बोगद्याच्या काँक्रिटांत घातली. आल्प्सचा खडक सह्याद्रीहून कांहीं सरळ स्वभावाचा नाहीं. तोहि थराथराला बदलतो. तेथें दगड निघण्याच्या कित्येक वर्षें आधीं त्याचा हिशेब मांडला गेला. आमच्याकडे हिशेब मांडला जातो तो ढीग पडल्यावर.

मूळ दोष कंत्राटाच्या कागदांत आहे. निविदेंत खोदाईचें कलम एक. खोदलेला माल अमुक किलोमीटरांपर्यंत वाहून टाकण्याचें कलम दुसरें. बाहेरून खडी आणून काँक्रिट घालण्याचें कलम तिसरें. तिन्हींचीं मोजमापें मोजमाप-पुस्तकाच्या निराळ्या पानांवर, आणि जितका दगड अधिक तितकें बिल मोठें. बोगद्याच्याच दगडाची खडी करणारा कंत्राटदार वाहतुकीचें बिल गमावतो, खाणीवरचा नफा गमावतो, आणि वर दगड नापास झाला तर दंडाचा धनी होतो. शहाणा माणूस हें कशाला करील? त्यास शिव्या देण्यांत अर्थ नाहीं. ज्यांनीं कलमें लिहिलीं त्यांनीं उत्तर द्यावें. सबंध काम ठोक रकमेस दिलें कीं हा दोष जातो, असें आम्हांस सांगण्यांत येतें. तें अर्धेंच खरें. ठोक रकमेच्या कामांत वेळापत्रक हें मालक असतें. बोगद्याचें तोंड आधीं उघडतें, क्रशर मागाहून येतो, आणि तोंवर चांगला दगड मातीखालीं गेलेला असतो. म्हणून आमचें म्हणणें असें कीं, पहिला सुरुंग उडण्यापूर्वीं क्रशर आणि दगड तपासण्याची प्रयोगशाळा जागेवर उभी असलीच पाहिजे. कोणत्या महिन्यांत किती दगड निघणार आणि त्याच महिन्यांत किती लागणार याचा तक्ता करारास जोडलाच पाहिजे. आणि ठरलेल्या रेषेबाहेरच्या खोदाईस दमडी न देण्याची जी रीत चांगल्या करारांतून आहे, ती सवलती न देतां चालविली पाहिजे. वरची सुपीक माती, जी या उतारांवर वीतभरच असते, ती पहिल्या दिवशीं खरवडून निराळी राखावी. उरलेल्या ढिगावर गवत उगवावयाचें तर तीच लागणार आहे.

कायद्याकडे पाहावें तर तेथें शहरी डोळ्यांचाच चष्मा. २०१६ च्या बांधकाम व पाडकाम कचऱ्याच्या नियमांत दिवसाला २० टन किंवा महिन्याला ३०० टन कचरा करणाऱ्यानें तो जातवार निराळा करावा आणि आपला आराखडा स्थानिक संस्थेकडून मंजूर करून घ्यावा, असें सांगितलें. परंतु स्थानिक संस्था म्हणजे नागरी संस्था, अशी व्याख्याहि तेथेंच होती. शहापूर आणि मुरबाड या गांवांना नगरपंचायती आहेत खऱ्या, पण घाटाच्या पोटांतले बोगदे त्यांच्या हद्दींत निघत नाहींत. २०२५ सालीं केंद्र सरकारनें नवे नियम प्रसिद्ध करून १ एप्रिल २०२६ ही अंमलाची तारीख ठरविली. त्यांत कचरा करणाऱ्यावरच त्याच्या पुनर्वापराची जबाबदारी टाकली, ही प्रगति आम्ही नाकारीत नाहीं. परंतु ही जबाबदारी कोणावर? तर ज्याचें बांधीव क्षेत्र २०,००० चौरस मीटर किंवा अधिक त्याच्यावर. कल्याण-डोंबिवलीच्या गृहसंकुलास हें माप ठीक आहे. डोंगराच्या आंतल्या बोगद्याचें बांधीव क्षेत्र कोणत्या फूटपट्टीनें मोजावयाचें? राहिला पर्यावरण-परवानगीचा अहवाल. त्यांत खोदाईच्या मालाच्या विल्हेवाटीचें एक प्रकरण असतें. 'विल्हेवाट' हा शब्दच बोलका आहे; मेलेल्या जनावराची लावतात ती.

एक ठिकाणीं मात्र न्यायालयानें वाट दाखविली आहे. पुण्याच्या बांधकाम-व्यावसायिकांच्या संघटनेच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें २०१४ सालीं असा निर्णय दिला कीं, पायासाठीं खणलेली माती त्याच जागेवर भरावास वापरली तर तीवर स्वामित्वधन लागत नाहीं. तो निर्णय मातीपुरता आहे. बोगद्याचा दगड त्याच प्रकल्पाच्या धरणांत घातला तर त्यासहि हेंच तत्त्व लागतें, असें राज्य सरकारनें स्वच्छ शब्दांत लिहून दिलें, तर पुनर्वापराच्या वाटेंतला एक मोठा कांटा निघेल.

सौर प्रकल्पांविषयीं थोडक्यांत. त्यांना २००६ च्या अधिसूचनेखालीं पर्यावरण-परवानगी लागत नाहीं, म्हणून त्यांच्या कचऱ्याचा आधीं विचार करावयास लावणारा कागदच नाहीं. लांकडी चौकटी, पुठ्ठे, प्लॅस्टिकचीं वेष्टनें, केबलचे तुकडे, फुटलेलीं पॅनेलें, आणि प्रत्येक खांबाखालचा काँक्रिटचा गोळा. पॅनेलांसाठीं २०२२ चे ई-कचऱ्याचे नियम आहेत. चौकटी व पुठ्ठे पुरवठादारानें परत न्यावे हें खरेदीच्या आदेशांत एका ओळीचें काम आहे. काँक्रिटचा गोळा मात्र पंचवीस वर्षांनीं शेतकऱ्याच्या भाड्यानें दिलेल्या जमिनींत राहणार, आणि नांगराचा फाळ त्यावर आपटणार. तो कोण काढणार हें भाडेपट्ट्यांतच लिहून घ्यावें.

आतां आक्षेपकांकडे. पहिला आक्षेप घाईचा: पृथ्वी तापत असतांना दगड मोजीत बसणें हा बाऊ आहे. ज्यांना सिमेंट आणि डिझेल यांच्या धुराची इतकी चिंता, त्यांनीं अनावश्यक काँक्रिट आणि साडेसात हजार खेपा यांचा धूर तेवढा सोडून द्यावा, हें आम्हांस समजत नाहीं. दुसरा आक्षेप खर्चाचा. क्रशर, प्रयोगशाळा, वेगळाली रचण्याची जागा यांना पैसे लागतात हें खरें. पण खाण, तिची वाहतूक आणि ढिगाची संरक्षक भिंत यांनाहि लागतात. फरक इतकाच कीं, पहिला खर्च प्रकल्पाच्या वहींत दिसतो, आणि दुसऱ्यांतला बराचसा वहाळाच्या खालच्या माणसाच्या खाचरांत दिसतो. तिसरा आक्षेप आमच्याच मित्रांचा. प्रकल्पच नको, तेव्हां त्याच्या कचऱ्याची चर्चा म्हणजे प्रकल्पास मूक संमति, असें ते म्हणतात. त्यांनीं प्रकल्पाशीं खुशाल झगडावें. परंतु झगडा हरल्यावर कचऱ्याकडे पाहूं म्हटलें, तर तोंवर करार होऊन गेलेला असतो.

शहापूर तालुका सबंध, आणि मुरबाडांतील कांहीं गांवें, अनुसूचित क्षेत्रांत मोडतात. १९९६ च्या पेसा कायद्याप्रमाणें अशा क्षेत्रांत दगड-मुरमासारख्या गौण खनिजाची खाण देण्यापूर्वीं ग्रामसभेची किंवा पंचायतीची शिफारस लागते. प्रकल्पाच्या धरणासाठीं खाण मागणारा कागद म्हणून केव्हांतरी ग्रामसभेपुढें येणारच. त्या दिवशीं सभेनें ठराव करण्यापूर्वीं बोगद्यांचा तक्ता मागावा: एकंदर दगड किती निघणार, त्यांत घट्ट किती, ठिसूळ किती, घट्टापैकीं किती धरणांत जाणार, उरलेला कोणत्या सर्व्हे नंबरावर राहणार, त्या जागेच्या खालीं कोणता वहाळ आहे, आणि घट्ट दगड पुरत असतां नवी खाण कशासाठीं. जाहीर सुनावणीसाठीं अहवालाचा सारांश मराठींत द्यावा लागतो. दगडाचा हिशेब मात्र बहुधा मूळ अहवालाच्या परिशिष्टांत इंग्रजींत पडून राहतो. तो तक्ता मराठींत, ब्रासच्या मापानें, पंचायतीच्या भिंतीवर लागल्याखेरीज खाणीच्या कागदास सभेनें शिफारस देऊं नये.